पिवळा चुरा

आईने जेवण सोडलं तेव्हा टेक्सासमध्ये उन्हाळा नुकता सुरू झाला होता आणि आम्ही सगळा दोष उन्हाळ्याला दिला. फ्रिस्कोतला उन्हाळा आहेच तसा. सकाळीच ड्राइव्हवे तापतो, दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. एवढ्या उकाड्यात कुणाला भूक लागणार, असं मी नवऱ्याला म्हणाले, नवरा मला म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांची समजूत घातली. घरात एसी अखंड चालू होता आणि आई स्वेटर घालून बसलेली असायची, हे आमच्या समजुतीच्या आड आलं नाही.

बाबा गेल्यानंतर ती पुण्यात एकटी राहत होती. विसरभोळेपणा आधी गमतीचा वाटला. मग एकदा गॅसवर दूध ठेवून ती भाजी आणायला गेली आणि शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. मी विमानात बसले आणि तिला घेऊनच परत आले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं मराठी इतकं स्वच्छ की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमधले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ती सुधारून परत पाठवायची. मूळ गाव बीडकडचं, पण त्या गावाबद्दल तिने आम्हाला कधी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फ्रिस्कोला आल्यावर मात्र तिच्या तोंडून एकेक शब्द यायला लागला. 'आहे'चं 'हाय' झालं, 'शाळे'ची 'साळा' झाली. आधी मला मजा वाटली. नंतर भीती वाटायला लागली, कारण तिचं स्वच्छ मराठी माझ्या डोळ्यांदेखत गळून पडत होतं आणि त्याच्याबरोबर मला ओळखणारी आईही चालली होती.

मी काय काय केलं ते सांगत बसले तर स्वयंपाकाचं पुस्तक होईल. वरणभात, मऊ खिचडी, थालीपीठ, शेवयांची खीर, तिच्या आवडीची शेपूची भाजी. डबाबंद प्रोटीन शेकसुद्धा. ती ताटाकडे बघायची, घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून ठेवायची. बराच वेळ गेला की नॅपकिनमध्ये काढून नीट घडी घालायची. मी मुळात तापट. ऑफिसात लोक माझ्या मीटिंगला घाबरतात. एक दिवस मी आवाज चढवला.

"आई, खा म्हणते ना!"

ती घाबरली नाही. म्हणाली, "मला भूक न्हाई. बारक्यानं खाल्लं का?"

बारक्या म्हणजे घरातलं सगळ्यात लहान लेकरू. मला वाटलं, माझ्या मुलीबद्दल विचारतेय. माझी मुलगी आठवीत गेलेली, उंचीने मला गाठायला आलेली, पण आजीला ती बारकीच वाटणार. मी म्हटलं, हो, खाल्लं, आता तू खा. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं ती वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघत असेल, आणि ताट सरकवलं.

मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "उद्या साळा हाय का?"

हा प्रश्न ती रोज विचारायची. मी म्हणायचे, तू रिटायर झालीस, आता कसली शाळा. त्या दिवशी मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "नो स्कूल, आजी. समर ब्रेक." आईला बाकी इंग्रजी कळो न कळो, 'नो स्कूल' कळलं. तिचा चेहरा असा उतरला की एरवी कुणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. माझी मीटिंग सुरू व्हायची होती.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आईचं वजन केलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं की हे असंच घसरत राहिलं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. अशी माणसं नळी ओढून काढतात, मग हातांत जाड मोजे घालून हात बांधून ठेवावे लागतात. आपण पुढच्या भेटीपर्यंत वाट बघू, म्हणाल्या. आईला गाडीत बसवून, पट्टा लावून, एसी सुरू करून मी बाहेर पार्किंगमध्ये उभी राहिले आणि रडले. जिने साऱ्या शाळेच्या पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तिचे हात बांधायचे. त्यापेक्षा ती मेलेली बरी, असं माझ्या मनात आलं, आणि ते आलं म्हणून मी आणखी रडले.

आमच्या डाव्या हाताला एक म्हातारी बाई राहते. नवरा वारलेला, मुलं दूर, जन्म सगळा पूर्व टेक्सासातल्या एका खेड्यात गेलेला. आई आल्यापासून ती अधूनमधून यायची. दोघी समोरच्या पोर्चमध्ये बसून आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींचं छान चालायचं. आई खात नाही हे तिला कळल्यावर ती कॉर्नब्रेड घेऊन आली. बिडाच्या जड पसरट कढईतच भाजलेला, तशीच कढई कापडात धरून आणलेली. वर तांबूस, कडेला कुरकुरीत, आत पिवळाधमक. साखर घातलेली नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं. साखर घालतात तो केक, म्हणाली. ताक, मक्याचं भरड पीठ, मीठ, अंडं, नावाला थोडा मैदा, एवढंच. एरवी ती बेकनची चरबी घालते, पण आमच्याकडे चालणार नाही म्हणून तेल घातलं होतं.

आईने तुकडा हातात घेतला. उलटा करून बघितला, नाकाशी नेला. आणि हसली. केवढ्या दिवसांनी मी ते हसू बघत होते. तिने तो तुकडा ओंजळीत असा धरला की जणू कुणीतरी हिसकावून नेणार आहे. मी शेजारणीचे हात धरले. ती बिचारी गोंधळली, पण तिनेही माझे धरले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मी त्या कॉर्नब्रेडला लटकले. दुसऱ्याच दिवशी दुकानातून तयार मिश्रणाचं खोकं आणलं आणि भाजलं. आईने वास घेतला आणि खाली ठेवलं. "हे गोड हाय. हे नव्हं," म्हणाली. मग इंडियन स्टोअरमधलं रोटीचं बारीक मक्याचं पीठ आणलं, त्याची वीट झाली. मग ताकाऐवजी घरचं दही घुसळून घातलं, ते पाणचट झालं आणि मधोमध कच्चं राहिलं. मी ओव्हनचं दार आपटलं. नवरा म्हणाला, अगं यार, जरा बस, मी करतो. मी त्याला म्हणाले, तुला चहा तरी येतो का. तो बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागला.

शेवटी शेजारीण माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. माझ्याकडे घावनं घालायचा बिडाचा खोलगट तवा होता, तो तिला पसंत पडला. तवा आधी ओव्हनमध्ये रिकामाच तापवायचा, असं तिने दाखवलं. तो एवढा तापला पाहिजे की त्यात तेल आणि मागोमाग पीठ ओतलं की चर्रर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर कड धरणार नाही, आणि कड धरली नाही तर तुकडा हातात येताच फुटणार. फुटलेला कॉर्नब्रेड पाहुण्यांपुढे ठेवणं ही तिच्या आईच्या मते निव्वळ फजिती होती. फुटू नये म्हणून अंडं, फुटू नये म्हणून चमचाभर मैदा, फुटू नये म्हणून काढल्यावर निवेपर्यंत सुरी लावायची नाही. तिचा सगळा जीव त्या न फुटण्यात होता. मीही मन लावून शिकले. माझा तुकडा असा सुबक निघायला लागला की ताटात एक कण सांडायचा नाही.

आणि आईचं ताट रिकामं व्हायला लागलं. दुपारी मी तिला खोलीत दोन तुकडे द्यायचे. ती म्हणायची, "तू जा, मी खाते." मला कामाचे कॉल असायचे, मी जायचे. परत येऊन बघावं तर ताट स्वच्छ. पुण्यातल्या नातेवाइकांना मी फोन करून सांगितलं. फॅमिली ग्रुपवर तव्याचा फोटो टाकला. कुणीतरी लिहिलं, लेक असावी तर अशी. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीचं जेवण ती अजूनही सोडत होती, पण म्हटलं, हे तरी जातंय पोटात. मी त्यात तेलाऐवजी भरपूर तूप घालायला लागले.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला मी अगदी ताठ मानेने गेले. नर्स आईला वजनकाट्यावर उभं करत होती. तिने आकडा बघितला, भुवया उंचावल्या, आणि स्वेटर जड दिसतोय, काढू या का, असं विचारलं. आई दोन्ही हातांनी स्वेटर घट्ट धरून राहिली. नर्सने हसत हसत, चुचकारत तो काढला आणि हातात घेताच खिशांतून पिवळे ढेकळांसारखे तुकडे जमिनीवर पडले. काही पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेले होते, काही तसेच, वाळून दगड झालेले. स्वेटर काढून परत वजन केलं. आधीच्यापेक्षाही उतरलं होतं.

आई खाली वाकून तुकडे गोळा करत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते मी मान हलवून ऐकलं. पुढच्या भेटीला वजन आणखी उतरलेलं असेल तर नळीची तारीख ठरवू.

घरी आल्यावर मी तिची खोली उपसली. उशीच्या अभ्र्यात तुकडे. खालच्या खणात, साड्यांच्या घड्यांमध्ये तुकडे. माझ्या मुलीचे जुने रेनबूट कपाटात होते, ते दोन्ही काठोकाठ भरलेले. मी ओव्हनसमोर उभी राहून भाजलेलं, ग्रुपवर मिरवलेलं सगळं तिथे होतं. काहींना बुरशी आलेली. मी कचऱ्याची काळी पिशवी आणली आणि सगळं त्यात कोंबायला लागले. मला राग आला होता, आणि ज्या माणसावर तो काढायचा ते माणूस त्याच्या पलीकडे गेलेलं होतं.

आई दारात उभी राहून बघत होती. मग ती आली, खाली बसली आणि पिशवीत हात घालून तुकडे परत काढायला लागली. ती रडत होती. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"टाकू नगं," ती म्हणाली. "लेकराचं हाय ते. टाकू नगं गं बाई."

मी तिचं मनगट धरलं. माझी मुलगी मागून आली आणि तिने माझा हात सोडवला. "मॉम, स्टॉप. शी इज नॉट हायडिंग इट फ्रॉम यू," ती म्हणाली. "शी इज सेव्हिंग इट फॉर समवन." इतके दिवस फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या माझ्या पोरीला ते दिसलं होतं.

बीडला माझी मावशी असते, आईची थोरली बहीण. तिला ऐकू कमी येतं म्हणून मी फोन टाळायचे. त्या दिवशी तिकडे उजाडायची वाट बघून मी लावला आणि ओरडून ओरडून विचारलं की बारक्या कोण. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

तिला नीट ऐकू आलं होतं. बारक्या म्हणजे त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ. मला असा एक मामा होता हे मला आजवर माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आजी-आजोबा आणि मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आई शाळेत होती, आणि शाळेत दुपारी पिवळा उपमा मिळायचा, अमेरिकेहून आलेल्या मक्याच्या पिठाचा. हातात हात दिलेलं चित्र असलेल्या पोत्यांमधून ते पीठ यायचं. उपमा गार झाला की घट्ट व्हायचा, त्याचा गोळा हातावर देत. तो तिथेच, गुरुजींसमोर खायचा, घरी न्यायचा नाही, असा नियम होता. बारक्या शाळेत जाण्याएवढा नव्हता, म्हणून त्याला काही नाही. आई आपला गोळा परकराच्या ओच्यात लपवून घरी आणायची. गुरुजींना दिसायचं, मावशी म्हणाली, पण ते मुद्दाम दुसरीकडे बघायचे. घरी येऊन ती बारक्याला भरवायची. त्याचं खाऊन झालं की ओचा तळहातावर झटकायची आणि उरलेला चुरा आपण खायची.

"मग सुट्टी लागली," मावशी म्हणाली. "साळा बंद, उपमा बंद. त्या सुट्टीतच बारक्या गेला, बाई. हगवण लागली. अंगात काही उरलंच नव्हतं त्याच्या."

जूनमध्ये शाळा उघडली, आणि आई परत ओच्यात गोळा घेऊन घरी यायला लागली. दारात उभी राहून त्याला शोधायची. घरातलं कुणी तिला काही बोललं नाही. आजी तोंड फिरवून चुलीपाशी बसायची.

"मग त्या गोळ्याचं काय व्हायचं?" मी विचारलं.

मावशी रडायला लागली. "म्या खायची. खडी फोडून भूक लागायची गं. म्या खाल्लं, की ती ओचा झटकायची. कुणी खाल्लेलं बघितल्याबिगर ती आपल्या तोंडात कणसुद्धा घालायची न्हाई. म्हणून म्या खायची, दुसरं काय करू?" मग नाक पुसून म्हणाली, "तूबी खा, पोरी. तिच्यासमोर बसून खा."

फोन ठेवल्यावर मला एकेक आठवत गेलं. मे महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेला सुट्टी लागली. रोज सकाळी पिवळ्या बसपर्यंत जाणारी पोर घरी बसली. आणि त्याच सुमारास आईने जेवण सोडलं. उन्हाळा, एसी, दातांचं दुखणं, सगळे संशय आमचे घेऊन झाले होते. आणि ती रोज विचारत होती, उद्या शाळा आहे का, आणि आम्ही रोज तिला सांगत होतो की नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळे कॉल कॅन्सल केले आणि तिच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले. तिच्या मांडीवर माझी सुती ओढणी पसरली आणि त्यात कॉर्नब्रेड ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. एवढी मोठी बाई, दोन मॉर्टगेज सांभाळणारी, तोंड उघडून बसले. आईने तुकडा मोडला आणि मला भरवला. "नीट चाव," म्हणाली. मी चावला. तिने आणखी भरवला. तिच्या बोटांना माझे ओठ लागत होते आणि ती ओणवून माझ्या घशाकडे बघत होती, गिळतेय की नाही ते. सगळं संपेपर्यंत मी खाल्लं. मग तिने ओढणीची टोकं गोळा केली, तळहातावर उलटी केली आणि झटकली.

काहीच पडलं नाही. माझा कॉर्नब्रेड फुटतच नव्हता. ती रिकाम्या तळहाताकडे बघत बसली, मग तो गाऊनला पुसला आणि म्हणाली, "संपलं."

मला त्या क्षणी वेड लागायचं बाकी राहिलं होतं. मी तशीच, चपला न घालता, तापलेल्या फरशीवरून शेजारणीकडे गेले आणि विचारलं की कॉर्नब्रेड फुटण्यासाठी काय करायचं. तिला वाटलं, मला म्हणायचंय फुटू नये म्हणून. मी म्हटलं, नाही, फुटला पाहिजे. हातात घेतला की पडला पाहिजे. जेवढा चुरा होईल तेवढा हवाय. आणि मग का ते सांगितलं, तुटक तुटक, जमेल तसं. मग तिने कपाटातून सगळ्यात जाडं भरडलेलं पीठ काढून माझ्या हातात दिलं. अंडं घालू नकोस, म्हणाली, मैदा तर अजिबात नको. गरम असतानाच काप. आमच्याकडे वाईट दिवसांत असाच करायचे, म्हणाली, आणि तिच्या आईला त्याची लाज वाटायची.

तसा केला. ताक, भरड पीठ, मीठ, आणि तुपाचा हात सैल सोडून. तव्यातून काढतानाच तो भेगाळला. असला कॉर्नब्रेड मी आठवड्यापूर्वी शिव्या देत फेकून दिला असता. आईने तुकडा उचलला, तर अर्धा माझ्या तोंडात आला आणि अर्धा ओढणीत पडला. मीही सांडत खाल्लं, लहान पोरासारखं, हनुवटीवरून, ओठांवरून. ती दटावत होती, नीट खा म्हणून. मी मुद्दाम आणखी सांडलं. शेवटी तिने ओढणी झटकली. तळहातावर पिवळा ढीग झाला. तिने तो तोंडात टाकला, चावला, गिळला. मग ओढणीच्या घडीत अडकलेला कणन् कण वेचून खाल्ला. मी तिच्या घशाकडे बघत होते, गिळतेय की नाही ते.

आता आमचा दिवस असाच जातो. सकाळी तवा, दुपारी तवा. माझं वजन वाढलंय, जुन्या जीन्स चढत नाहीत. मधूनच मी चुऱ्यात कोरड्या शिजवलेल्या डाळीचा एखादा चमचा मिसळते. कधी तिच्या लक्षात येतं, कधी नाही. माझ्या मुलीने कुणी न सांगता एक काम अंगावर घेतलंय. सकाळी ती दप्तर पाठीला लावते, आजीसमोरून पुढच्या दाराने बाहेर पडते, आणि घराला वळसा घालून गॅरेजच्या दाराने आत येते. सुट्टीत, टेक्सासच्या उन्हात, रविवारी सुद्धा. संध्याकाळी पुन्हा गॅरेजमधून जाऊन पुढच्या दाराने घरी येते. "हाय आजी, आय अ‍ॅम होम," म्हणते.

गेल्या भेटीत वजन उतरलं नव्हतं. वाढलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नळीचा विषय पुढे ढकलला, रद्द केला नाही. चुऱ्यावर माणूस किती काळ जगतं, हे मला त्यांना विचारता आलं नाही. जी बाई आयुष्यभर पुण्यात चारीठाव जेवली आणि जिने आम्हाला जेवू घातलं, ती शेवटी या पिठाच्या देशात येऊन पुन्हा त्याच ओच्याशी बसली आहे. मी इंजिनिअर झाले, इथे घर घेतलं, दोन फ्रीज भरून ठेवले, आणि माझ्या आईला माझ्या तोंडातून सांडलेलंच अन्न चालतं. कधी कधी तोंडातला घास मला गिळवत नाही. पण ती बघत असते. मी गिळते.

काल दुपारी मला भरवून झाल्यावर तिने ओढणी गोळा केली आणि झटकायच्या आधी थांबली. मला वाटलं, आता काय चुकलं.

"उद्या साळा हाय का?" तिने विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

"सुट्टी लागली म्हणत हुते."

"न्हाई लागली. उद्याबी हाय, परवाबी हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पदराने, म्हणजे माझ्याच ओढणीच्या टोकाने, माझं तोंड पुसलं, आणि ओढणी तळहातावर झटकून खायला लागली.